विकलेल्या जुन्या मशीनची तक्रार आली, आता काय करावे?

वाचकाचे पत्र

"मी ठाण्यात राहते. दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले. मुलाने नवे वॉशिंग मशीन घेऊन दिल्यामुळे २०१७ साली घेतलेले आमचे सहा किलोचे फ्रंट लोड मशीन मी जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर ८,५०० रुपयांना विकले. जाहिरातीत 'उत्तम स्थितीत, काहीही प्रॉब्लेम नाही' असे लिहिले होते. बदलापूरचे एक तरुण गृहस्थ आले, दहा मिनिटे मशीन चालवून पाहिले, यूपीआयने पैसे दिले आणि मशीन टेम्पोत आडवे घालून घेऊन गेले. 'आवाज वगैरे करते का?' असे त्यांनी विचारले होते, तेव्हा मी 'नाही हो, शांत चालते' असे सांगितले. खरे सांगायचे तर गेले पाचसहा महिने चादरी टाकल्या की पिळताना घरघर होत असे, पण आम्हाला त्याची सवय झाली होती. चौथ्या दिवशी त्यांचा निरोप आला, की कपडे पिळताना मशीन जागा सोडून पुढे सरकते, प्रचंड आवाज होतो आणि खालून पाणीही येते. त्यांच्या मेकॅनिकने बेअरिंग व सीलचे २,८०० आणि शॉकअपचे १,८०० असा एकूण ४,६०० रुपये खर्च सांगितला आहे. त्यांना पूर्ण पैसे परत हवेत आणि मशीन आम्हीच येऊन न्यावे असे ते म्हणतात. नाहीतर पोलिसांत आणि ग्राहक न्यायालयात जाईन, आपले सगळे बोलणे सगळीकडे टाकीन, असेही लिहिले आहे. घरात तीन महिन्यांचे बाळ आहे, कपडे हाताने धुवावे लागतात, हेही लिहिले आहे. आमच्या यजमानांचे म्हणणे, विकले तेव्हाच विषय संपला, नंबर ब्लॉक कर. मला दोन रात्री झोप नाही. काय करू?

ता. क. मशीनसोबत आलेली पुस्तिका आणि चार लांब बोल्ट असलेली एक पिशवी माळ्यावर राहून गेली, ती द्यायची विसरले. त्याचा याच्याशी संबंध नसावा, पण सांगून ठेवते."

उत्तर

सप्रेम नमस्कार.

नंबर ब्लॉक करू नका, आणि पूर्ण पैसेही आज घाईघाईने परत पाठवू नका. आज फक्त एवढाच निरोप पाठवा, की तुमची तक्रार मी वाचली आहे, ती टाळणार नाही, उद्या सकाळी अकरा वाजता फोन करते. तीन महिन्यांचे बाळ घरात असताना ओल्या दुपट्यांचा ढीग समोर घेऊन बसलेल्या माणसाला पैशांइतकीच या गोष्टीची काळजी असते, की समोरची व्यक्ती आता फोन उचलणार आहे की नाही. त्याच्या निरोपातला अर्धा राग त्या भीतीतून आलेला असतो, आणि ती भीती तुम्ही एका ओळीत घालवू शकता.

तुमच्या पत्रातली दोन वाक्ये मी पुन्हा पुन्हा वाचली. पहिले, चादरी टाकल्या की घरघर होत असे, हे. आणि दुसरे, त्या बोल्टांविषयीचे. पहिले वाक्य तुम्ही लिहिले नसते तर मला कळण्याचा काही मार्ग नव्हता, आणि तरी तुम्ही ते लिहिले. तुमची झोप उडाली आहे ती धमकीमुळे आहे असे मला वाटत नाही. 'शांत चालते' हे जे तुम्ही सहज बोलून गेलात, ते पूर्ण खरे नव्हते हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून ती उडाली आहे. आपण वापरलेली वस्तू विकल्यानंतर तक्रार आली, की सर्वांत आधी स्वतःला हेच विचारावे लागते: विकताना मला काय माहीत होते, आणि मी काय सांगितले? कायदा, पैसे, धमक्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्ले हे सगळे या प्रश्नाच्या उत्तरानंतर येते. जे मला माहीत होते आणि मी सांगितले नाही, त्याची जबाबदारी माझी. जे मलाही माहीत नव्हते, ते जुन्या वस्तूच्या किमतीत धरलेलेच असते. नव्या मशीनला लागणारे पैसे वाचवून जुने घेणारा माणूस तेवढी जोखीम घेतच असतो.

तेव्हा त्या गृहस्थांची तक्रार एक नसून तीन आहेत, हे आधी ध्यानात घ्या. मशीन सरकते ही एक, आवाज होतो ही दुसरी आणि पाणी येते ही तिसरी. या तिन्हींची कारणे वेगळी असू शकतात, आणि कोणते कारण कोणाच्या पदरात पडते हे पाहिल्याशिवाय ८,५०० किंवा ४,६०० या आकड्यांवर बोलण्यात अर्थ नाही.

आवाजापासून सुरुवात करू, कारण तो तुमचा आहे. फ्रंट लोड मशीनच्या ड्रमचा दांडा मागच्या बाजूला बेअरिंगवर फिरतो आणि बेअरिंगच्या पुढे पाणी अडवणारे एक रबरी सील असते. ते सील झिजले की थेंबथेंब पाणी बेअरिंगपर्यंत पोहोचते, त्यातले ग्रीस निघून जाते, गंज धरतो आणि मग पिळण्याच्या वेळी, ड्रमचा वेग वाढत जाईल तसतशी घरघर वाढत जाते. ओल्या चादरींचे ओझे पडले की ती आधी ऐकू येते, हे तुम्ही अनुभवलेच आहे. ही झीज महिनोन् महिने चालते. टेम्पोतल्या एका प्रवासात किंवा बदलापुरातल्या चार दिवसांत बेअरिंग गंजत नाही. म्हणून मेकॅनिकचे निदान बरोबर असेल, तर बेअरिंग तुमच्या घरातच गेलेले होते. त्या गृहस्थांनी दहा मिनिटे मशीन चालवून पाहिले होते, असे तुमचे यजमान म्हणतील, आणि ते खरेही आहे. पण पिळण्याचा पूर्ण वेग कार्यक्रमाच्या शेवटी येतो, दहा मिनिटांत मशीन तिथवर पोहोचतच नाही. त्यांना तपासून कळले नसते, म्हणूनच त्यांनी तुम्हाला विचारले होते.

आता सरकण्याची गोष्ट, आणि इथे तुमचा ताजा कलम येतो. तुम्ही ज्याचा संबंध नसावा म्हणता, ते चार बोल्ट या सगळ्या प्रकरणाच्या मध्यभागी आहेत. फ्रंट लोड मशीनची टाकी आत घट्ट बसवलेली नसते. ती वर स्प्रिंगांना टांगलेली असते, खालून शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजेच मेकॅनिक म्हणतो ते शॉकअप, तिला सावरतात, आणि पिळताना ती फार उडू नये म्हणून तिला काँक्रीटचे जड ठोकळे जोडलेले असतात. मशीन कारखान्यातून निघते तेव्हा ही झुलती टाकी वाटेत आपटू नये यासाठी मागच्या पत्र्यातून लांब बोल्ट घालून ती आवळून ठेवतात. घरी बसवायला आलेला माणूस ते बोल्ट काढतो आणि 'जपून ठेवा, मशीन हलवताना लागतील' असे सांगून हातात देतो. २०१७ मध्ये तुम्हालाही सांगितले असेल, आणि तुम्ही ते खरोखर जपून ठेवले. फक्त मशीन हलले त्या दिवशी ते माळ्यावर राहिले. बोल्टांवाचून, तेही आडवे घातलेले मशीन ठाण्याहून बदलापूरपर्यंतचे सगळे गतिरोधक आणि खड्डे झेलत गेले, तेव्हा आतली टाकी किती वेळा आपटली असेल याची कल्पना करा. शॉकअप तिथे गेले असण्याची शक्यता बरीच आहे.

हा दोष कोणाचा? तुम्हाला बोल्टांचे काम माहीत नव्हते, त्यामुळे तुम्ही काही लपवले नाही. वाहतूक त्यांनी ठरवली होती आणि मशीन आडवे घालण्याचा निर्णय त्यांचा किंवा टेम्पोवाल्याचा होता. पण मशीनसोबतची वस्तू द्यायची राहून गेली ती तुमच्याकडून. माझ्या मते हा खर्च दोघांनी निम्मा निम्मा घेण्यासारखा आहे. पण त्याआधी एक फुकटची तपासणी राहिली आहे, आणि ती केल्याशिवाय शॉकअपला हात लावू देऊ नका.

आपल्याकडे मशीन बहुधा न्हाणीघरात किंवा मागच्या बाल्कनीत ठेवतात आणि तिथल्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी जाळीकडे उतार दिलेला असतो. तुमच्या घरी मशीनचे चार पाय त्या उतारानुसार कमीजास्त करून बसवलेले होते. तेच पाय तसेच ठेवून मशीन दुसऱ्या घरच्या वेगळ्या उतारावर ठेवले, की चांगले मशीनसुद्धा पिळताना दारापर्यंत चालत येते. पाय फिरवून उंची नीट करता येते, वर एक चपटा नट असतो तो पान्याने आवळायचा, आणि मशीनच्या डोक्यावर गवंड्याची लेव्हल ठेवून समोरून आणि बाजूने बुडबुडा मध्ये येतो का ते पाहायचे. चारही कोपऱ्यांवर हाताने दाबल्यावर मशीन जरासुद्धा डगमगता कामा नये. याला पंधरा मिनिटे लागतात, आणि पुष्कळदा सरकण्याची तक्रार इथेच मिटते.

पाण्याचेही तसेच. मशीन जागेवरून हलले की नळाला लावलेल्या पाइपातला रबरी वायसर बदलावा लागतो. जुना वायसर पुन्हा नीट बसत नाही. समोर खाली डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यात एक छोटे झाकण असते, त्याच्या आत चिल्लर, गुंड्या, केस अडकणारी जाळी असते. ती साफ करून पुन्हा घट्ट फिरवली नाही तर तिथून पाणी गळते. बाहेर जाणारा पाइप चिरला आहे का, हेही पाहावे. मात्र पाणी मागच्या बाजूने, मशीनच्या मध्यभागातून थेंबथेंब पडत असेल, तर ते त्या झिजलेल्या सीलचेच आहे आणि ते बेअरिंगच्या हिशेबात, म्हणजे तुमच्याच हिशेबात, येते.

उद्याच्या फोनवर ही सगळी चौकशी करायची आहे, पण उलटतपासणीच्या सुरात नको. त्यांना विनंती करा, की मशीन बंद करून, ड्रम रिकामा ठेवून तो हाताने फिरवताना एक व्हिडिओ काढा. खरखर ऐकू आली तर बेअरिंग गेलेले आहे. आतल्या ड्रमची कड धरून वरखाली हलवून पाहा. बाहेरच्या टाकीसकट सगळे एकत्र हलले तर ते नेहमीचे झुलणे आहे, पण आतला ड्रम एकटाच खडखडला तर बेअरिंगविषयी शंका उरत नाही. टाकी हाताने खाली दाबून सोडली असता ती लगेच स्थिर झाली पाहिजे. दोनतीन वेळा उसळली तर शॉकअप ढिले आहेत. आणि मेकॅनिकचा खर्चाचा कागद असेल तर त्याचा फोटो मागून घ्या. हे मागणे अविश्वासाचे नाही, हे त्यांना सांगूनच मागा.

आता कायद्याकडे येते, कारण धमकीने तुम्ही घाबरला आहात. आपल्याकडे वस्तूंच्या विक्रीला १९३० चा माल विक्री अधिनियम लागू आहे, आणि त्याचा मूळ कल असा आहे की मालाच्या दर्जाची हमी आपोआप गृहीत धरली जात नाही. खरेदीदाराने डोळसपणे घ्यावे. त्याला जे अपवाद आहेत ते मुख्यतः त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याला लागू पडतात. घरातले एक मशीन विकणाऱ्या निवृत्त शिक्षिकेवर तो बोजा तसा येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा रोखही व्यापारी विक्रेत्यांवर आहे, आणि त्याखालच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तर स्पष्टच म्हटले आहे, की नियमित किंवा पद्धतशीर व्यवसाय म्हणून नव्हे, तर वैयक्तिक नात्याने व्यवहार करणाऱ्या व्यक्तीला ते लागू नाहीत. म्हणजे ग्राहक न्यायालयाची धमकी तुमच्या बाबतीत फारशी टिकणारी नाही. पोलिसांचे म्हणाल तर फसवणुकीचा गुन्हा, जो पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली येई आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो, त्यासाठी व्यवहाराच्या सुरुवातीपासूनच अप्रामाणिक हेतू असावा लागतो. जुन्या मशीनच्या बेअरिंगचा वाद हा मुळात दिवाणी स्वरूपाचा वाद आहे.

हे ऐकून हायसे वाटेल, वाटू द्या. पण इथेच थांबू नका. १८७२ चा भारतीय करार कायदा वैयक्तिक विक्रेत्यालाही तितकाच लागू आहे. त्या कायद्यानुसार नुसते गप्प राहणे ही सहसा फसवणूक ठरत नाही, पण थेट विचारल्यावर वस्तुस्थितीला सोडून उत्तर देणे ही वेगळी गोष्ट आहे. तुम्ही 'आहे तसे विकणे आहे' एवढेच लिहिले असते आणि आवाजाविषयी कोणी विचारले नसते, तर माझे उत्तर बरेच वेगळे झाले असते. तुम्ही 'काहीही प्रॉब्लेम नाही' असे लिहिले, आणि विचारल्यावर 'शांत चालते' असे म्हणालात. खोट्या माहितीवर संमती मिळवली गेली तर समोरच्याला करार रद्द करण्याचा हक्क मिळू शकतो, आणि ती माहिती देणाऱ्याने मुद्दाम फसवले नव्हते, एवढ्याने तो हक्क नाहीसा होत नाही. 'त्यांनी नीट तपासायला हवे होते' हा बचाव एखादे वकील मांडतीलही. मी तो तुमच्यासाठी मांडणार नाही. दुसऱ्या बाजूला, माल स्वीकारल्यानंतर खरेदीदाराला सहसा माल परत करण्याऐवजी कमी झालेल्या किमतीची भरपाई मागता येते, हेही त्याच १९३० च्या कायद्यात आहे. चार दिवसांच्या वापराला स्वीकार म्हणायचे का यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. म्हणून ८,५०० रुपयांसाठी कोणीही त्या वाटेला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. त्यांच्याकडून कधी वकिलाची नोटीस आलीच, तर मात्र ती बाजूला ठेवू नका. मुदतीत उत्तर द्या आणि त्या वेळी जवळच्या वकिलांचा सल्ला घ्या.

पैशांविषयी माझे मत असे आहे. व्हिडिओवरून बेअरिंग गेलेले दिसले, तर बेअरिंग व सीलचे २,८०० रुपये पूर्ण तुम्ही द्यावेत. पाय नीट बसवूनही मशीन सरकत असेल आणि शॉकअप खरोखर ढिले असतील, तर १,८०० पैकी ९०० तुम्ही द्यावेत. नळाचा वायसर आणि पाइप त्यांच्या बसवणुकीचा भाग आहे, तो त्यांनी पाहावा. म्हणजे जास्तीत जास्त ३,७०० रुपये. तुम्हाला ही रक्कम मोठी वाटेल, कारण उरतील ४,८००. पण विचार करा, 'पिळताना घरघर होते' असे जाहिरातीत लिहिले असते तर आठ वर्षांच्या त्या मशीनला तुम्हाला साधारण तेवढेच मिळाले असते. जो भाव तुम्हाला मिळाला तो शांत चालणाऱ्या मशीनचा होता.

मशीन परत घेऊन सगळे पैसे द्यावेत का, असा तुमचा प्रश्न उरतो. त्यांना दुरुस्ती नकोच असेल आणि ते मशीनवर समाधानी होणारच नसतील, तर तोही मार्ग खुला ठेवा. परतीच्या टेम्पोचे भाडे मग त्यांनी आणि तुम्ही वाटून घ्यावे. पण माझा कल दुरुस्तीकडे आहे. तुमच्याकडे नवे मशीन आलेले आहे, जुन्याला जागा नाही, आणि ते पुन्हा टेम्पोत घालून आणले तर शेवटी भंगारवाल्यालाच द्यावे लागेल. त्यांना मशीन हवे आहे. बेअरिंग बदललेले, नीट बसवलेले मशीन त्यांच्या घरी आणखी काही वर्षे बाळाचे कपडे धुईल, तर ते सर्वांच्याच भल्याचे आहे.

बोलणे फोनवर करा, पण ठरलेले लिहून पाठवा. शब्दांसाठी अडू नये म्हणून मसुदा देते. तुमच्या भाषेत बदलून घ्या:

"नमस्कार. काल आपले बोलणे झाल्याप्रमाणे लिहिते. मशीन दाखवताना आपण आवाजाविषयी विचारले होते. जड कपडे पिळताना ते थोडी घरघर करत असे, हे मी तेव्हा सांगायला हवे होते, ते सांगितले नाही. त्याबद्दल मला खेद आहे. आपण पाठवलेला व्हिडिओ आणि मेकॅनिकचा कागद पाहिला. बेअरिंग व सीलचा खर्च २,८०० रुपये मी देते. शॉकअपची गरज आहे असे पाय बसवून पाहिल्यावर ठरले, तर त्यातला निम्मा खर्च ९०० रुपये देईन. ही रक्कम दिल्यावर या व्यवहारातला आपला उभयतांचा हिशेब पूर्ण झाला असे आपल्याला मान्य असल्यास कृपया 'मान्य' असे उत्तर पाठवावे. दुरुस्तीऐवजी मशीन परत करायचे असल्यास तसे कळवावे, त्याविषयीही बोलू."

'खेद आहे' हे शब्द लिहायला जड जातील. काही जण तुम्हाला सांगतील, की चूक कबूल केली तर ते आणखी पिळतील. कधी कधी असे होते, हे मी नाकारत नाही. पण मी स्वतः एकदा घरचा जुना फ्रिज विकला होता. सहाव्या दिवशी घेणाऱ्यांचा फोन आला, की गार होत नाही. फ्रिज आडवा नेला होता आणि पोहोचल्याबरोबर चालू केला होता. आडव्या नेलेल्या फ्रिजमधले कॉम्प्रेसरचे तेल नळ्यांत उतरते, तो काही तास उभा ठेवून मगच चालू करायचा असतो. हे मला ठाऊक होते आणि मी सांगायची विसरले होते. पहिल्या दिवशी मी वाद घातला, दुसऱ्या दिवशी हे सांगून टाकले. त्या बाईंचा आवाज त्या एका वाक्यानंतर बदलला, आणि दुरुस्तीचा खर्च आम्ही कसलीही घासाघीस न करता वाटून घेतला. आपल्याला फसवलेले नाही, हे माणसाला एकदा पटले, की रकमेवर तो फार अडत नाही.

पैसे पाठवताना सावधगिरी मात्र पूर्ण बाळगा. हे गृहस्थ खोटे आहेत असे मला कुठेच वाटत नाही, पण परताव्याच्या नावाखाली होणारे प्रकार खूप आहेत. ज्या यूपीआय खात्यातून तुम्हाला ८,५०० रुपये आले, त्याच खात्यावर, स्वतः रक्कम टाकून, तुमच्या बाजूने पाठवा. 'माझ्या मित्राच्या नंबरवर टाका', 'हा क्यूआर स्कॅन करा', 'ही लिंक उघडा', 'अमुक ॲप टाकून घ्या' असे कोणीही म्हणाले तर तिथेच थांबा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, हे घरातल्या सर्वांना माहीत असू द्या. चुकून काही घडलेच, तर एक तासही न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवा. माल विक्री कायद्याचे सालही १९३० च असल्यामुळे हा आकडा तुम्हाला विसरायला होणार नाही. पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट, त्यांचा 'मान्य' हा निरोप, जुनी जाहिरात आणि तुमचे सगळे आधीचे बोलणे निदान वर्षभर तरी पुसू नका.

राहिली बोलणे 'सगळीकडे टाकण्याची' धमकी. तिला उत्तरच देऊ नका. रागात लिहिलेल्या त्या वाक्याला तुम्ही उत्तर दिलेत की सगळे संभाषण त्याच दिशेने जाते. त्यांनी तुमचा पत्ता, नंबर किंवा तुमच्याविषयी खोटे काही टाकलेच, तर ॲपवर आणि पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार करण्याचा तुमचा हक्क शाबूत आहे. पण उद्या अकरा वाजता तुमचा फोन गेला, तर ती वेळ येणार नाही असा मला विश्वास वाटतो.

यजमानांना माझे नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की त्यांचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही. तुम्ही दोघांनी कधी घरघर ऐकलेलीच नसती आणि मशीन चौथ्या दिवशी बिघडले असते, तर मीही म्हणाले असते, की सहानुभूती दाखवा, बसवणुकीत मदत करा, पण पैसे देणे तुमच्यावर बंधनकारक नाही. पण घरघर त्यांनीही ऐकली होती, आणि तिची सवयही झाली होती. ते आठवून पाहायला सांगा.

आणि ती माळ्यावरची पिशवी उद्याच खाली काढा. पैसे पाठवण्याआधी बोल्ट आणि पुस्तिका कुरिअरने बदलापूरला रवाना करा, पावतीचा फोटो त्यांना पाठवा, आणि पिशवीत एक चिठ्ठी घाला, की मशीन हलवायचे असेल तेव्हाच हे मागच्या भोकांत घालून आवळावेत, आणि ते काढल्याशिवाय मशीन सुरू करू नये. भाड्याच्या घरात राहणारे जोडपे असेल तर त्यांना पुन्हा घर बदलावे लागेल, तेव्हा ते लागतील.

आपली,
सदरलेखिका